पेपरवाला, रिक्षावाला, टेलिफोनवाला

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एकांकिकेतला गुप्तहेर पोरांना जमत नाही, दाढीमिशा चिकटवल्या तरी आतला पोरगा दिसतोच, असं लिहिलंयस. एक दिवस तालीम बंद ठेव आणि सगळ्यांना बसवून ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ दाखव. ब्रूस लीचा, लो वेईने दिग्दर्शित केलेला, १९७२ चा. मारामारीचा सिनेमा कशाला, असं म्हणशील. पण वेषांतराचा याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही.

गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शांघायची. परकीयांनी शहर आपापसांत वाटून घेतलेलं. हुओ युआनजिया हे कुंग-फूचे गुरू, इतिहासात खरोखर होऊन गेलेले. १९१० साली तिथे त्यांची चिंग वू ही कुंग-फू शिकवणारी संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ते गेले. जपान्यांनी त्यांना विष घातलं, ही वदंता सिनेमा खरी धरून चालतो. त्यांचा शिष्य चेन झेन, म्हणजे ब्रूसची भूमिका, मात्र कल्पित. गुरूच्या शोकसभेत जपानी आखाड्याची माणसं ‘पूर्व आशियातले रोगी’ अशी पाटी घेऊन येतात आणि त्यांचा चिनी दुभाष्या वू दात काढत टोमणे मारतो. चेन त्यांच्या आखाड्यात एकटा घुसून सगळ्यांना लोळवतो. पुढे खुनाचा छडा लागतो, सूड सुरू होतो, आणि त्याला लपावं लागतं.

आता नीट बघ, तो कोणाकोणाची सोंगं घेतो. म्हातारा पेपरवाला, रिक्षावाला आणि चष्मा लावून खुळ्यासारखा हसणारा टेलिफोन दुरुस्तीवाला. एकही सोंग सरदाराचं नाही, सावकाराचं नाही. ही सगळी अशी माणसं, की मालक लोक त्यांच्याकडून काम करून घेतात आणि तोंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. टेलिफोनवाला होऊन चेन थेट शत्रूच्या घरात शिरतो, तरी कोणाला संशय येत नाही. अरे, त्याला लपवते ती नुसती दाढी नव्हे, समोरच्याचा माज लपवतो! मला हा सिनेमा त्यासाठीच मोठा वाटतो. साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांचं त्याचं हत्यार, नानचाकू, सगळ्यांच्या लक्षात राहतं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

रिक्षाचा प्रसंग तर पाठच करावा असा. मेजवानी झोडून झिंगलेला वू बाहेर येतो, समोर उभ्या रिक्षात बसतो. ओढणाऱ्याची फक्त पाठ त्याच्यासमोर. माथेरानला आपण हातरिक्षा ओढणारी माणसं पाहिली होती ना? तशीच पुढे झुकलेली पाठ. रिक्षा आडवाटेला बंद गल्लीत शिरते, वू चिडतो, आणि ती पाठ सरळ होते. दांडे धरून चेन वूसकट रिक्षा वर उचलतो. गंमत म्हणजे ही हातरिक्षा शांघायात आली तीही जपानमधूनच, १८७० च्या दशकात.

ब्रूसला हे कुठून जमलं असेल, तर घरातून, असं मला वाटतं. वडील कँटनीज ऑपेराचे, म्हणजे दक्षिण चीनमधल्या संगीत नाटकाचे, नट. त्यांची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला याचा जन्म झाला. पुढे हाँगकाँगच्या सिनेमांत तो बालकलाकार म्हणून वाढला. लोक त्याला फक्त लढवय्या समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती पिळदार, चपळ चाल जगाला पाठ आहे, आणि पेपरवाल्यात ती औषधालाही सापडत नाही. पोक काढलेलं अंग, जड पावलं. नटाला यापेक्षा अवघड काम कुठलं?

सिनेमाच्या शेवटी चेन सगळी सोंगं टाकून स्वतःच्या चेहऱ्याने बंदुकांवर झेप घेतो आणि चित्र हवेतच गोठतं. लपणं किती वेळ आणि कशासाठी, हे तुझ्या संहितेतही ठरायला हवं. सध्या तुझा गुप्तहेर शेवटपर्यंत लपूनच राहतो, आणि मला तो तिथेच कच्चा वाटला.

तेव्हा दाढ्या परत कर. पोरांना आधी चौकात पाठव, चहा पोचवणारा, हमाल, वॉचमन कसे उभे राहतात ते बघू दे. रिक्षाचा प्रसंग दुसऱ्यांदा आवाज बंद करून दाखव. प्रयोगाची तारीख कळली की लगेच कळव, मी येणारच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश