पालोच्या फिटरचे घर

पुणे,
21 जून 2020

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा सविस्तर मेल परवा मिळाला. 3 जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याची काय दशा केली ते तू फोनवर सांगितले होतेसच, पण आपल्या शाळेमागची पोफळीची वाडी मुळासकट आडवी झाल्याचे वाचले आणि लगेच उत्तर लिहायला हात वळेना. आपल्या बॅचच्या ग्रुपवर एवढ्या थोड्या दिवसांत इतकी माणसे पुढे आली, कपडे, धान्य आणि पैसे यांचा ओघ सुरू झाला, याचे तुला वाटणारे समाधान मला समजते. 2013 च्या फिलिपिन्समधल्या हैयान वादळाच्या वेळी मी अशा कामात होतो, तेव्हा अनुभव सांग, असे तू लिहिले आहेस. सांगतो, मात्र आम्ही काय केले त्यापेक्षा आमचे कुठे चुकले तेच जास्त सांगेन, कारण तुला त्याचाच उपयोग होईल.

मी बोटीवर सेकंड इंजिनिअर असताना आमच्या इंजिनरूममध्ये लेते बेटावरच्या पालो गावचा एक फिटर होता. फिलिपिनो खलाशी आणि आपली कोकणातली माणसे यांची बोटीवर लवकर गट्टी जमते, आणि आमची तर नारळावरून जमली. त्याच्या वडिलांच्याही वाडीत माड होते. आपल्याकडच्या माडीला ते तुबा म्हणतात आणि ती काढायला तसेच झाडावर चढतात. बोटीवरून उतरायच्या आदल्या दिवशी त्याने एका जुन्या लॉगशीटच्या पाठीवर मला आपल्या घराचा रस्ता काढून दिला होता: हमरस्ता, मग प्रार्थनाघर, मग बास्केटबॉलचे मैदान आणि त्याच्या मागे तिसरे घर. तो कागद मी ठेवला होता. त्याचा पुढे काय उपयोग होणार आहे याची तेव्हा कल्पना असण्याचे कारण नव्हते.

8 नोव्हेंबर 2013 च्या पहाटे हैयान वादळ समार बेटाच्या टोकाला गिवान येथे जमिनीवर आले आणि दोन-अडीच तासांत लेतेवर पोहोचले. फिलिपिन्सचे हवामान खाते वादळांना स्वतःची नावे देते, त्यामुळे तिकडे आजही सगळे त्याला योलांडाच म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या इशारा केंद्राने वाऱ्याचा वेग ताशी 315 किलोमीटर धरला होता. पण माणसे मारली ती मुख्यतः पाण्याने. लेतेवरचे ताक्लोबान शहर सान पेद्रो उपसागराच्या अगदी आतल्या, चिंचोळ्या टोकाला आहे. वाऱ्याने रेटलेले पाणी नरसाळ्यात कोंडावे तसे तिथे चढत गेले आणि काही ठिकाणी पाच-सहा मीटर उंच झाले. अशा लाटेचा इशारा आधी दिलेला होता. तो दिला मात्र 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी शब्दांत, आणि वाराय भाषा बोलणाऱ्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना त्यातून काही बोध झाला नाही. त्सुनामी येणार असे सांगितले असते तर आम्ही डोंगरावर पळालो असतो, असे नंतर कित्येकांनी बोलून दाखवले. आपल्याकडे याला काय म्हणायचे, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. उधाण म्हणावे तर ते अमावास्या-पौर्णिमेला येतेच. त्याला कोण घाबरणार? ज्या इमारतींत लोकांना सुरक्षित म्हणून नेऊन ठेवले होते त्यांतल्या काहींमध्येही पाणी शिरले. सरकारी आकड्यानुसार 6,300 माणसे गेली, हजाराहून अधिक कधीच सापडली नाहीत, 11 लाखांच्या आसपास घरांचे नुकसान झाले आणि सुमारे 40 लाख लोक बेघर झाले.

आमचा फिटर तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होता आणि पालोचा एकही फोन लागत नव्हता. एकत्र काम केलेल्या भारतीय आणि फिलिपिनो खलाशांचा आमचा एक ग्रुप होता. एरवी त्यावर कंत्राटाच्या चौकश्या आणि वाढदिवसांचे केक यांखेरीज काही नसे, तो त्या आठवड्यात रात्रंदिवस जागा राहिला. कोणी जिवंत असलेल्यांच्या याद्या चाळत होते, कोणी शेजारच्या सेबू बेटावरच्या नातेवाइकांना शोधत होते. मी रजेवर घरीच होतो. आमच्यातल्या एकाने सांगितले की मदत पथकांना त्या भागाचे नीट नकाशे हवे आहेत आणि ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या इंटरनेटवरच्या नकाशावर ते घरबसल्या काढता येतात, म्हणून मी त्या कामाला बसलो. ऐंशीहून अधिक देशांतले हजारापेक्षा जास्त लोक त्या दिवसांत हेच करत होते. आपल्याला एक चौकोन मिळे. त्यातले उपग्रहचित्र पाहून रस्ते आखायचे, प्रत्येक घराचे चार कोपरे टिपायचे आणि चौकोन पूर्ण झाल्याची खूण करून पुढचा घ्यायचा. अमेरिकन रेड क्रॉसची माणसे हेच नकाशे कागदावर छापून तिकडे घेऊन गेली.

या कामात माझी एकच गोष्ट इतरांपेक्षा बरी होती, आणि ती मला आपल्या गावाने दिली होती. वरून पाहिले की माडाचा शेंडा एखाद्या चांदणीसारखा दिसतो, आणि अशा चांदण्या दाटीने असल्या की बाकीचे लोक तो भाग झाडी समजून सोडून देत. मला मात्र ठाऊक होते की माडाखाली माणूस राहतो. शेंड्यांच्या मधून जाणारी एखादी पांढुरकी पायवाट, कुठे एखादा कोपरा चकाकणारा पत्रा, एवढ्यावरून मी घर शोधत असे आणि सोडून दिलेले चौकोन पुन्हा उघडत असे. पहाटे तीनपर्यंत जागून मी पालोच्या किनाऱ्यावरचे तीन चौकोन पुरे केले. दुसऱ्या एका चौकोनात मला ते राखाडी, आखीव बास्केटबॉलचे मैदान सापडले. लॉगशीट शेजारी ठेवून मी मोजले. तिसरे घर.

ही सगळी चित्रे वादळाआधीची होती. नंतरची आली तेव्हा त्या चांदण्या नव्हत्या. अवकाळी पावसाने झोडपलेल्या भातासारखे माड एकाच दिशेला झोपलेले होते. आता आम्हाला घरांची मोडतोड नोंदवायची होती: पडलेले, मोडलेले की शाबूत. मैदानामागच्या तिसऱ्या घराचे छप्पर जागेवर होते, पत्र्याच्या कडा सरळ होत्या. मी ते शाबूत म्हणून सोडले आणि, हे आजही लिहिताना मला जड जाते, फिटरला निरोप पाठवला की तुझे घर उभे आहे, मी स्वतः पाहिले. त्याने तो निरोप बोटीवर सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. कूकने त्या दिवशी गोड केले.

प्रत्यक्षात छपराखाली काही राहिलेले नव्हते. पाणी माळ्यापर्यंत चढले होते आणि उतरताना समुद्राकडची आणि मागची अशा दोन्ही भिंती घेऊन गेले होते. चार खांबांवर छप्पर तेवढे उरले होते. त्याची बायको आणि दोन्ही मुली शेजारच्या दुमजली घरावर चढल्या म्हणून वाचल्या. वडील डुकरांना सोडायला मागे थांबले होते. ते सापडले नाहीत. पालोजवळच्या सान होआकीनच्या चर्चसमोर जी सामूहिक दफने झाली त्यांत ते असतील असे तो मानतो आणि दरवर्षी तिथेच मेणबत्ती लावतो.

हे सगळे मला आठवड्याभराने कळले. पुढे रेड क्रॉसने आणि दुसऱ्या एका संस्थेने जागेवर जाऊन आमच्या नोंदी पडताळल्या, तेव्हा असे एक-दोन घरांचे झाले नव्हते हे उघड झाले: रस्ते आणि इमारतींचे नकाशे कामी आले होते, पण कोणत्या घराची किती हानी झाली हे उपग्रहचित्रांवरून ठरवण्यात आम्ही फार चुकलो होतो. छप्पर वरून दिसते आणि पाणी बाजूने येते, इतकी साधी गोष्ट कोकणातल्या माणसाच्याही ध्यानात आली नाही.

आता पैशांचे आणि सामानाचे. सुमारे एक कोटी फिलिपिनो परदेशात राहतात, आणि मोठाल्या खोक्यांत वस्तू भरून घरी पाठवायची त्यांची जुनी पद्धत आहे. त्यांना बालिकबायान खोकी म्हणतात. आमच्यातल्या सिंगापूरवाल्यांनी तशी सहा खोकी भरली. मीही त्यात हौसेने दोन स्वेटर दिले, लेतेमध्ये नोव्हेंबरातही घाम गळतो हे माहीत असताना. खोकी समुद्रमार्गे जानेवारीच्या अखेरीस पोहोचली. फिटरच्या बायकोने आमचे आभार मानले आणि भीत भीत विचारले की पत्र्याचे खिळे मिळतील का, कारण पत्रे इकडून तिकडून गोळा झाले आहेत पण खिळे कुठेच नाहीत. ते आम्ही आधी विचारायला हवे होते. रोख पैशांचेही सुरुवातीला अडले, कारण ताक्लोबानची दुकानेच बंद होती आणि नोटा घेऊन विकत घ्यायचे काय? म्हणून आम्ही पैसे सेबूतल्या त्याच्या मेव्हण्याकडे पाठवले आणि तो तांदूळ, पाणी, रॉकेल बोटीने घेऊन गेला. बाजार सुरू झाल्यावर मात्र रोख रकमेइतके उपयोगी काही नव्हते. तैवानच्या त्सू ची या बौद्ध संस्थेने स्वतःच्याच गल्लीतला राडारोडा उचलणाऱ्याला दिवसाला 500 पेसो दिले. गल्ली साफ झाली आणि घरात मजुरीही आली.

या सगळ्यातून तुझ्या उपयोगाची सर्वांत मोठी गोष्ट माडांची आहे. योलांडाने सुमारे 3 कोटी 30 लाख नारळाची झाडे पाडली किंवा निकामी केली, आणि नवीन रोपाला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात. शिवाय पडलेले खोड वेळेत हलवले नाही तर ते कुजते आणि त्यात गेंड्या भुंगा वाढतो, मग तो उभी राहिलेली झाडेही खातो. म्हणून तिकडे साखळी करवतींना कपड्यांपेक्षा अधिक मागणी होती. खोडांच्या फळ्या पाडून लोकांनी त्यांचीच घरे उभारली. आपल्या वाड्यांत आज तीच वेळ आहे आणि पाऊस सुरू झालेला आहे. कपड्यांचा ट्रक थांबव. त्या भाड्यात करवती, त्यांचे तेल आणि त्या चालवता येणारी चार माणसे गावात पोहोचतील. शाळेच्या पडवीत कपड्यांचे ढीग भिजताहेत असे तू लिहिले आहेस, ते वाचून मला माझे स्वेटर आठवले.

फिटर आता चीफ इंजिनिअरच्या हाताखाली नाही तर स्वतःच्या वर्कशॉपात काम करतो. त्याने बोट सोडली. निसर्गची बातमी त्याने कुठे वाचली कोण जाणे, 4 तारखेला सकाळीच त्याचा निरोप आला. घर उभे आहे का, असे त्याने विचारलेच नाही. पाणी आत आले होते का, आणि आले असेल तर कुठपर्यंत चढले, एवढेच विचारले होते. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही, कारण ते मला ठाऊक नाही. गावातल्या कोणाला तरी समुद्राकडच्या आळीत पाठव, भिंतींवर ओल कुठपर्यंत आली आहे ते हाताने मोजून घ्यायला सांग आणि करवती कोणाकोणाला हव्यात ती नावे मला कळव. पैसे मी सोमवारी पाठवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेतला बाकसोबती