वैमानिकाची डुलकी नियमात बसवा

संपादक महोदय,

चालू विमानात वैमानिक झोपतो म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण नकळत लागलेला डोळा वेगळा आणि ठरवून घेतलेली विश्रांती वेगळी. युरोप, कॅनडात ती चालते. अमेरिकी विमान कंपन्यांना मनाई. गंमत म्हणजे ४० मिनिटांची मुभा मिळाल्यावर वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले, हे दाखवणारा १९९४ चा अभ्यास अमेरिकेच्याच ‘नासा’चा!

विमान उंचीवर स्थिरावल्यावर एकानेच झोपायचे. आधी ताबा तोंडी सोपवायचा, खुर्ची मागे सरकवायची (पाय पेडलला लागता कामा नयेत), पट्टा बांधलेलाच. केबिन क्रूने ठरल्या वेळी इंटरकॉमवर हाक द्यायची, नाहीतर दुसराही पेंगतो. उठल्यावर निदान २० मिनिटे कंट्रोल हाती घ्यायचे नाहीत, कारण गुंगी उतरायला वेळ लागतो. २२ मे २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ जण गेले. कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपला होता, आणि चौकशी अहवालाने याच गुंगीवर बोट ठेवले.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूच्या तासाभराच्या फेरीत हे बसतच नाही. आपल्या सीमाभागातली पोरे आखातातून रात्री परततात, त्या विमानांत मात्र हवे. पण डुलकी दिली म्हणून कंपन्या ड्यूटीचे तास ताणणार असतील, तर आमचा विरोधच.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)