कळव्याहून आलेल्या मशीनवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

आईचं सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, तुम्ही बघून गेलात, तेव्हा तुमचे धड आभारही मानले गेले नाहीत. फरक पडेल की नाही याची खात्री नव्हती. आता आहे. आई रात्रभर मास्क लावून झोपते. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये अशी मशीनं कपाटात पडून आहेत आणि त्यातली बरीचशी बिघडलेली नसणार.

ज्यांनी मशीन विकलं त्यांनी खोकं उघडलं, वायर जोडली, सही घेतली आणि गेले. नळीत पाणी गुडगुडतं, पहाटे नाकावर शिंतोडे येतात, तोंडाला कोरड पडते, असं सांगितलं की फोनवर एकच उत्तर यायचं, "ह्युमिडिफायरचा नंबर वाढवा. होईल सवय." ह्युमिडिफायर म्हणजे हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी. वाढवत वाढवत तिचा आकडा सातवर गेला. नळीतलं पाणी आणखी वाढलं, कोरड होती तशीच राहिली. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत, एवढं ऐकून घ्यायलासुद्धा कोणाला सवड नव्हती. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मशीनला हात लावायच्या आधी विचारलंत, "आजी, रात्री एसी कितीवर असतो?" चोवीस म्हटल्यावर एसी लावायला सांगितलात, खिडक्या बंद केल्यात, आईला मास्क लावून आडवं केलंत आणि खोली गार होईपर्यंत नुसते बसून राहिलात. मग हाताची पालथी बाजू नळीवरून मशीनपासून मास्कपर्यंत फिरवत नेलीत. टाकीजवळ नळी कोमट होती. पलंगाच्या कडेवरून लोंबत होती तिथे गार. "इथे पाणी धरतंय," म्हणालात. दुपारच्या उकाड्यात आकडा ठरवून निघून गेला असतात, तर रात्री पुन्हा तेच झालं असतं. सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते तुमचं हे बसून राहणं.

पुढचं गणित तुम्ही आईला समजेल असं सांगितलंत. टाकीखालची प्लेट पाणी तापवते, हवा वाफ घेऊन निघते. सहा फुटांच्या साध्या नळीवर एसीचा झोत आला की ती हवा गार पडते, गार हवेत तेवढी वाफ मावत नाही, थेंब धरतात आणि नळीच्या झोळात साचतात. म्हणून आकडा सातवरून चारवर आला. मशीन उशीपेक्षा उंच कपाटावर होतं, ते झोतापासून दूर, पलंगापेक्षा खाली असलेल्या स्टुलावर गेलं. आता चुकून पाणी झालंच तर ते चेहऱ्याकडे न येता मशीनच्या बाजूला उतरतं. आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडून तुम्ही स्वतः नळीला गुंडाळलीत. तुमच्या बॅगेत गरम होणारी नळी होती, ती विकता आली असती. "आधी हे करून बघा, थंडीत गरज वाटली तर घ्या," म्हणालात. (कोणी ती घेतलीच तर एअरसेन्स १० सारख्या सीपॅप मशीनमध्ये आर्द्रतेची सेटिंग ऑटोवर ठेवायची. नळीचं तापमान मुळात २७ अंशांवर लावलेलं असतं, १६ ते ३० मध्ये हलवता येतं.)

कोरडेचं कारण तर आर्द्रतेत नव्हतंच. मास्क फक्त नाकाचा, झोपेत तोंड उघडं पडायचं आणि हवा तिथून निघून जायची. सकाळी टाकी ठणठणीत कोरडी मिळायची, ती याचीच खूण. पट्टे इतके आवळलेले होते की मास्क उलट कडेने सुटत होता. तुम्ही ते सैल केलेत, आईला कुशीवर झोपवून पुन्हा बसवलेत आणि हनुवटीचा पट्टा दिलात.

दाबाला मात्र हात लावला नाहीत. तो डॉक्टरांचा, आर्द्रता झोपणाऱ्याच्या सोयीची. एका वेळी एकच आकडा हलवायचा आणि दोन रात्री तसाच ठेवून बघायचा. नळीत पाणी दिसलं तर खाली, नाक कोरडं पडलं तर वर. हे वाक्य फ्रिजवर चिकटवलंय.

टाकीतला पांढरा थर टँकरच्या पाण्याचा होता. आता डिस्टिल्ड वॉटरच भरतो. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी सुकवतो, थर दिसला तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी घालून धुतो. आणि मशीन हलवायचं असेल तर टाकी आधी बाहेर, नाहीतर पाणी आत उतरतं.

विकून झाल्यावर ओळख न देणारे खूप भेटले. तुम्ही दुसऱ्या कोणीतरी विकलेल्या मशीनसाठी जमिनीवर मांडी घालून बसलात. तुमच्यासारख्या माणसांमुळे म्हाताऱ्यांची दुखणी घरातल्या घरात सुसह्य होतात, हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

पावसाळ्यात हवा दमट असते. एसी बंद झाला की टाकीचा आकडा दोन-तीनवर आणून बघू, अडलं तर फोन करू. आई म्हणते, पुढच्या वेळी जेवायच्या वेळेला या.