शुभे, तिखट काढू का?

नाशिक,
डिसेंबरातला रविवार

प्रिय शुभे,

आई बरी आहे, गुडघा तसाच. ह्यांची साखर ताब्यात. माझी तब्येत उत्तम. झालं तब्येतींचं. आता मुद्द्यावर येते, कारण चार दिवस झोप धड लागत नाहीये आणि कारण सांगायला गेलं की घरातले माझ्याकडे बघत राहतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मिरचीच ना? काढून टाक की." आणि पेपर उघडला.

मंगळवारी मी आपला पेरू घेऊन इथल्या एका कॅफेत गेले होते. नाव सांगत नाही, मोठा आहे, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. आपला पेरू म्हणजे आपलाच, वसतिगृहातला, रेक्टरबाई देवळात गेल्या की त्या काच लावलेल्या गोल ओव्हनमध्ये व्हायचा तो. आता त्याला मी पेरूचं क्रम्बल म्हणते, म्हणजे फळावर लोणी-पिठाचा चुरा पसरून भाजलेलं, तेव्हा आपण नुसतं 'ते' म्हणायचो.

चवीला चौघं बसले होते. मालकीण, तिचा भाऊ, शेफ आणि हिशेब बघणारी एक मुलगी. ओव्हनमधून काढलं आणि लगेच वाढलं. कुणी बोलेना, नुसते चमचे वाजत होते. त्या हिशेबवाल्या मुलीनं वाटीच्या कडेला चिकटलेला पाक नखानं खरवडून खाल्ला, मी समोर उभी राहून बघितलं. शेफनं दुसऱ्यांदा घेतलं. आणि सगळ्यांच्या वाट्या लख्ख झाल्यावर मालकीण ओठ टिपत म्हणाली, "फार सुंदर झालंय. फक्त तिखट काढा. त्याच्याऐवजी दालचिनी घाला."

दर शुक्रवारी चाळीस वाट्या, पेरू आहे तोवर. भाव त्यांनी सांगितला तो मी मागणार होते त्याच्याहून जास्त. येत्या शुक्रवारी होय-नाही कळवायचंय.

शुभे, काय करू?

तू म्हणशील, एवढं काय त्यात. नाही, तू नाही म्हणणार, म्हणून तर तुला लिहितेय. शाळेच्या फाटकाशी बसणारी मावशी आठव. पेरू डाव्या हातात, सुरी उभी दोनदा फिरायची, पण देठापाशी थांबायची. चार पाकळ्या होऊन पेरू उघडायचा, तरी फळ हातात एकच. मग डब्यातलं तिखट-मीठ चिमटीत घेऊन ती अंगठ्यानं आत दाबायची, नुसतं भुरभुरवायची नाही. पहिल्या घासाला गोड, मग आंबूस, आणि गिळून झाल्यावर घशाशी तिखट. तो तिसरा टप्पा आला की दुसरा घास घ्यावासाच वाटायचा. ते चौघं वाटी संपवेपर्यंत थांबले नाहीत ते त्या तिसऱ्या टप्प्यामुळेच. आणि नेमकं तेच काढा म्हणतात.

मालकिणीचा भाऊ म्हणाला, "हा इंग्रजी पदार्थ आहे, त्यात मिरची बसत नाही." मी तिथे गप्प बसले, पण उत्तर घरी येईपर्यंत तयार होतं. क्रम्बल विलायतेत घरोघरी पोचलं ते दुसऱ्या महायुद्धात. पीठ, लोणी, साखर सगळं रेशनवर. पारी लाटायला परवडेना, म्हणून थोड्या पिठात थोडं लोणी चोळून तो चुरा फळावर पसरायचा. म्हणजे असेल त्यात भागवायचा पदार्थ तो, त्याचं कसलं आलंय सोवळं! आणि पेरू तरी कुठला? पेरूही अमेरिकेचा, मिरचीही अमेरिकेची, दोन्ही आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. मेक्सिकोत आजही फळांवर मिरची, मीठ आणि लिंबू घालून खातात. दोघांचं नातं इतकं जुनं, आणि हे मधे दालचिनी आणून बसवणार!

दालचिनीशी माझं वैर नाही. सफरचंदाला ती शोभते, कारण सफरचंदाला स्वतःचा वास बेताचाच. पिकलेला पेरू घरात असला तर दारातून कळतो. त्यावर दालचिनी घातली की दोन्ही वास एकमेकांवर ओरडतात. मी बुधवारी मुद्दाम करून बघितलं. मुक्तानं एक चमचा खाऊन विचारलं, "आई, हे बेकरीतनं आणलं का?" वाईट नव्हतं गं, तेच तर. चांगलंच लागत होतं. कुठेही मिळेल इतकं चांगलं.

तात्या असते तर त्यांना विचारलं असतं. राहात्याला गेले होते दिवाळीत, तुमच्या बागेवरून रिक्षा गेली. मृग बहार छान धरलाय यंदा, सगळी झाडं 'सरदार' पेरूची, म्हणजेच लखनौ-४९ ची. तात्यांचं ते पालुपद आठवलं, "नाव लखनौ एकोणपन्नास आणि जन्म पुण्यात, गणेशखिंडीत, १९२७ साली!" पाहुणा आला की त्याला हे ऐकल्याशिवाय पेरू मिळायचा नाही. तुझ्या लग्नात वऱ्हाडालासुद्धा ऐकवलं होतं. तुझे सासरे बिचारे पेरू हातात धरून उभे.

मी अजूनही पेरू तिथलेच मागवते. नगर-मनमाड रस्त्यावरचे टोपलीवाले सकाळी एसटीत क्रेट टाकतात. अगदी पिकलेले चालत नाहीत, ओव्हनमध्ये लगदा होतो. पिवळसर हिरवे हवेत, दाबल्यावर जरासे लवणारे.

तू करून बघावंस म्हणून आता सगळं लिहिते, नाहीतर मत कशावर देणार? एक किलो पेरू घे. चार फोडी कर आणि मधला बियांचा गर चमच्यानं काढ, पण टाकू नकोस. वसतिगृहात आपण बिया तशाच ठेवायचो आणि तू म्हणायचीस दात पडला तर भरपाई माग. तो गर वाटीभर पाण्यात मऊ शिजवायचा आणि पुरणयंत्रातून किंवा बारीक गाळणीतून गाळायचा. सगळा वास आणि चिकटपणा त्या गरातच असतो. पेरूत पेक्टिन भरपूर, साखर आणि आंबट मिळालं की पाक आपोआप धरतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. तुझ्या सासूबाईंचं पेराद, ते पेरूचं गोव्याकडचं गोड, वडीसारखं कापलं जातं ते त्याच जोरावर.

साखर शंभर ग्रॅम. तिच्यात दोन संत्र्यांची साल किसायची, सोलायच्या आधी, नाहीतर नागपुरी संत्र्याची सैल साल हातात फिरत बसते. फक्त वरचा केशरी थर, पांढरं आलं की कडू. साल आणि साखर बोटांनी चोळ, साखर ओलसर आणि केशरी दिसायला लागली की सालीतलं तेल तिच्यात उतरलं. मग एका संत्र्याचा रस, अर्धं लिंबू, अर्धा चमचा सुंठ आणि पाऊण चमचा ब्याडगी मिरचीची पूड. लवंगी किंवा संकेश्वरी घेऊ नकोस, तुझा हात मला माहीत आहे. ब्याडगीला रंग आणि वास, तिखटपणा बेताचा. मिरची फळातच घालायची, वरच्या चुऱ्यात नाही. कोरड्या आचेला ती लगेच जळते आणि कडवट होते.

चुऱ्याला शंभर ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम ज्वारीचं पीठ, पंचाहत्तर ग्रॅम थंडगार लोणी, तेवढीच साखर. ज्वारी माझी भर, कुरकुरीतपणा तिचाच. लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्यानं नाही, तळवा गरम असतो. काही कण रव्याएवढे, काही वाटाण्याएवढे राहू दे. फोडी आणि गाळलेला गर एकत्र करून भांड्यात घाल, वर चुरा सैल पसर, दाबू नकोस. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. रंगावर जाऊ नकोस. कडेनं पाक चुरा फोडून वर यायला लागला आणि त्याचे बुडबुडे जड, संथ झाले की बाहेर काढ.

लिंबू अर्धंच. वाचलंस ना? नुसतं लिंबूच हवं, संत्र्याची गरज काय, यावरून तू माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हतीस आणि शेवटी पुणतांब्याला गाडी चुकली तेव्हा बोललीस, तेही "बॅग धर" एवढंच. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, लिंबू आंबटपणा देतं, संत्र्याची साल वास देते, दोन वेगळी कामं आहेत. तू हट्टी आहेस.

तर आता खरी गोष्ट. गुरुवारी रात्री मुक्ताशी बोलताना एक धागा सापडला. ती म्हणाली, "तू त्यांना गरम दिलंस ना?" मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला छेडतं, तोच संवेदक चटक्यानंही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी, ती हे शिकतेय सध्या. म्हणजे ओव्हनमधून काढून लगेच खाल्लं तर तेवढीच मिरची जास्त झोंबणार. शिवाय कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून मिरची लागली की पाणी पिऊन काही होत नाही आणि दूध-दह्यानं निवतं. त्यांच्यापुढे पाण्याचे ग्लास होते!

शुक्रवारी मी तेच क्रम्बल कोमट होऊ दिलं आणि वर थंड चक्का घातला, बिनसाखरेचा, थोडी सायही फेटली त्यात. शुभे, काय सांगू तुला. मिरची तिथेच होती, एक चिमूटही कमी नाही, पण आधी थंड, मग गोड, मग संत्रं, आणि सगळ्यात शेवटी ती हळूच आली. आईनं खाल्लं. आई, जिला गोडात मीठ पडलेलं चालत नाही! एक वाटी संपवली आणि म्हणाली, "अजून आहे का, का पोरांना ठेवायचंय?"

मग अडचण कुठे आहे, तर अशी. हे घेऊन मी गुरुवारी परत जाऊ शकते. "तिखट आहेच, पण आता खाऊन बघा," म्हणू शकते. ते हो म्हणाले तर प्रश्नच मिटला. पण नाही म्हणाले तर? चाळीस वाट्या, चार महिने. मुक्ताची पुढची फी, नवा मोठा ओव्हन, हे सगळं त्या चाळीस वाट्यांमध्ये बसतं, मी मांडून बघितलंय. ह्यांचं म्हणणं चुकीचं नाही गं. तिकडे दालचिनीचं द्यायचं, घरच्या ऑर्डरीला आपलं करायचं. लोक दोन-दोन प्रकार करतातच की. मला मात्र असं वाटतं की दर शुक्रवारी चाळीस वेळा ते दुसरं केलं की हाताला तेच वळण पडेल. आणि लोक नाशिकमध्ये पेरूचं क्रम्बल म्हणून ओळखतील ते तेच. माझं म्हणून ओळखतील. आपलं म्हणून.

त्यात हे माझ्या एकटीचं असतं तर मी कधीच ठरवून मोकळी झाले असते. तिखट-मिठाची पुडी ओव्हनपाशी तू आणली होतीस. मी नको म्हणत होते, तूच घातलंस. म्हणून तुला विचारल्याशिवाय काढायचं नाही, एवढं मात्र मी मंगळवारी रिक्षातच ठरवलं.

तुझं काय? बदली मडगावलाच राहिली ना? निमाची दहावी, तिला म्हणावं आईचं गणित मावशीनं करून दिलेलं आहे, घाबरू नकोस. बंड्याचा फोन आला होता, तुला विचारत होता. आणि तुझ्या त्या आहारवाल्या नणंदेला सांग, पेरूत संत्र्याच्या चौपट सी जीवनसत्त्व असतं. भाजल्यावर बरंचसं जातं हे सांगू नकोस. नाताळचं पेराद झालं का सासूबाईंचं? या वेळी वाटून खा म्हणून पाठवू नकोस, नुसतं माझ्या नावानं पाठव.

बुधवारपर्यंत करून बघ आणि लगेच लिही. फोन करू नकोस, फोनवर तू मधेच तोडतेस आणि मग आपण पुणतांब्यावर जातो. एकदा गरम खा, एकदा कोमट चक्क्याबरोबर, आणि खरं सांग. दालचिनीचं द्यायला माझी हरकत नसावी असं तुझं मत पडलं तर मी भांडेन, पण ऐकेन. लिंबू की संत्रं, यावर मात्र मत मागितलेलं नाही.

तुझी,
नंदा

ता. क. काळं मीठ लिहायचं राहिलं. पाव चमचा, आणि ते ओव्हनमधून काढल्यावर फोडींवर, वाढताना. आधी घातलंस तर त्याचा वास सगळ्या घरात फिरतो आणि पेरूत उरत नाही.