कोंबड्यांच्या हगवणीची तपासणी महूत सुरू करा: पशुपालन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुपालन मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

सिमरोलच्या बाजूला आमचं पाच हजार लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांचं शेड आहे. हेच पत्र हिंदीत आपल्या कार्यालयाला पाठवलं आहे. इंदूर परिसरात हा व्यवसाय करणारी मराठी घरंही आहेत, त्यांनीही वाचावं म्हणून इथे मराठीत लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अंडी गोळा करताना ट्रेमागून ट्रे डागाळलेला निघाला. पिंजऱ्यांखाली विष्ठेचे सुके ढीग असायचे, तिथे फेसाळ पिवळट पाणी पसरलं होतं आणि त्यात मक्याचा भरडा जसाच्या तसा. कोंबड्या मरत नव्हत्या. खात होत्या, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. दहा दिवसांत उत्पादन ९१ टक्क्यांवरून ७४ वर आलं.

खाद्यवाल्याने अँटिबायोटिक दिलं, मी पाण्यातून पाजलं. काडीचा फरक पडला नाही. रोटा, अ‍ॅस्ट्रो, रिओ, अ‍ॅडिनो यांपैकी एखादा विषाणू असेल, तर पडणारही नव्हता, कारण अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. पण अशीच हगवण कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीने होते, जंतांनी होते, खाद्यात मीठ जास्त झालं किंवा मक्याला बुरशी लागली तरी होते. राणीखेत हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोगसुद्धा लस दिलेल्या कळपात पुसट होऊन येतो, कधी नुसती अंडी घटतात. नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. एका खासगी लॅबने जंत आणि कॉक्सिडिया पाहिले, ते नव्हते. विषाणूची तपासणी आमच्याकडे होत नाही, म्हणाले. औषध चालू होतं त्या दिवसांतली अंडी मी विकली नाहीत. पण ज्याच्या डोक्यावर खाद्याची उधारी आहे, त्याने काय करावं?

२०२० सरता सरता इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, तेव्हा बर्ड फ्लूच्या शंकेने नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि सगळी यंत्रणा कामाला लागली. ते योग्यच झालं. बर्ड फ्लूत सरकारने कोंबड्या मारल्या तर भरपाईही मिळते. आमच्या कोंबड्या जिवंत राहतात, म्हणून आमचं नुकसान कुठल्याच नोंदीत येत नाही.

माझी मागणी एकच आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात या विषाणूंची पीसीआर तपासणी (नमुन्यातला विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) लहान उत्पादकांना परवडेल अशा दरात मिळावी आणि तीन-चार दिवसांत निकाल फोनवर कळावा. या विषाणूंवर औषध नाही, हे मला माहीत आहे. तरी निकाल हवा, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. हे विषाणू चिवट असतात, रिकाम्या शेडमध्येही बराच काळ टिकतात, साध्या फवारणीला दाद देत नाहीत. विषाणू निघाला तर जुनी बॅच विकल्यावर शेड घासून-धुऊन काही आठवडे रिकामं ठेवता येईल, अँटिबायोटिकवरचा खर्च वाचेल आणि लोकांच्या ताटात औषधाचा अंश जाणार नाही.

आमची नवी पुलेट्स (अंडी द्यायला न लागलेल्या तरुण कोंबड्या) दोन महिन्यांनी येतील. त्याआधी या शेडमधला नमुना कुठे आणून द्यायचा, ते कृपया कळवावं.

आपली,
एक अंडी उत्पादक, इंदूर