जारवांच्या जंगलातून पर्यटकांच्या गाड्या कशाला?

मा. केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. जारवा ही अंदमानच्या जंगलात राहणारी, शिकार आणि कंदमुळांवर जगणारी आदिम जमात. अंदमान ट्रंक रोड या बेटांवरच्या मुख्य रस्त्याचा जो भाग त्यांच्या राखीव क्षेत्रातून जातो, तिथून पर्यटकांच्या गाड्या सोडणं थांबवा. रुग्णवाहिका, स्थानिकांच्या बसगाड्या, भाजी-धान्याचे ट्रक यांबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या माणसाला मोठ्या दवाखान्यात जायचं तर आज तरी हाच रस्ता आहे. मी बोलते आहे ती आमच्यासारख्या हौशी लोकांबद्दल.

आणि आमच्यात मराठी माणसं भरपूर. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहून डोळे पुसायचे, स्वराज द्वीपच्या समुद्रात डुंबायचं आणि मग एक दिवस बाराटांग बेट, असा बेत ठरलेला. तिथली वाट या राखीव क्षेत्रातून जाते. कार्यक्रमपत्रिकेत चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी छापलेला असतो, बोलण्यात मात्र जारवा असतात. बुकिंग करताना आमचा टूरवाला फोनवर म्हणाला, "नशीब असेल तर वाटेत जारवाही दिसतील." ताडोबाच्या गेटवर वाघाबद्दल हेच ऐकायला मिळतं, अगदी याच शब्दांत. त्यात कुणाला काही खटकत नाही, हे मला जास्त खटकलं.

पहाटे तीनच्या सुमारास हॉटेल सोडायचं, ते राखीव क्षेत्राच्या तोंडाशी असलेल्या जिरकाटांगच्या नाक्यावर पहिला ताफा गाठायला; गाड्या इथून पोलिसांसोबत ताफ्यानेच सोडतात. अंधारात गाड्यांची लांबच लांब रांग, चहाच्या टपऱ्या, ओळखपत्रांच्या झेरॉक्स, अर्ज तपासणारे पोलीस. फलकावर नियम आहेत: फोटो काढू नका, गाडी थांबवू नका, खायला काही देऊ नका, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवा. नियम उत्तम आहेत. पण मग गाड्या हलल्या आणि आमच्या गाडीतल्या प्रत्येकाची मान खिडकीकडे वळली. बाहेर गर्जन आणि पडौकची आभाळाला भिडलेली झाडं होती, त्यांच्यावर चढलेले वेल होते, जगात फक्त याच बेटांवर सापडणारे पक्षी होते. आपल्या देशात असं सदाहरित जंगल उरलंय किती? एकानेही त्या जंगलाकडे पाहिलं नाही. सगळे माणसं शोधत होते.

ती दिसली. एक पुरुष आणि दोन मुलं, रस्त्याच्या कडेला. आमच्या पुढच्या गाडीचा वेग अचानक मंदावला आणि तिच्या खिडकीतून बिस्किटाचा पुडा बाहेर पडला. मोठ्या मुलाने तो उचलला, पण वर पाहिलंसुद्धा नाही. सवयीचं काम होतं ते. मागच्या सीटवर ओढणीखाली कुणाचा तरी मोबाइल चालू होता. ड्रायव्हर फक्त एवढंच म्हणाला, "मॅडम, हात आत." नियम मोडायला इतकाच वेळ लागतो. शेकडो गाड्यांच्या प्रत्येक काचेमागे पोलीस बसवता येत नाही, हे प्रशासनालाही ठाऊक आहे. जानेवारी २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगाने पाहिला. त्याच वर्षी १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमांत दुरुस्ती होऊन शिक्षा कडक झाली. ताफे मात्र सुरूच राहिले.

मंत्रिमहोदय, बिस्किटाच्या पुड्यावरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून या बेटांचाच इतिहास सांगते. १८५८ मध्ये इंग्रजांनी इथे कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी या इथल्याच दुसऱ्या आदिम जमातीचे लोक पाच हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. त्यांना 'माणसाळवण्या'साठी वसतिगृहं काढली, कपडे दिले, तंबाखू दिली. मग आजार आले. १८७७ च्या गोवरात माणसं पटापट मेली. १९६१ च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले होते १९. आज त्यांची पन्नासेक माणसं आहेत, आणि त्यांच्या भाषांपैकी 'बो' बोलणारी शेवटची वृद्धा जानेवारी २०१० मध्ये गेली. जारवा वाचले ते फटकून राहिल्यामुळे, बाण मारून लोकांना लांब ठेवल्यामुळे. १९९७-९८ च्या सुमारास ते आपण होऊन वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवर पसरला. २००६ मध्ये पुन्हा. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. आपल्याकडे एखाद्या सोसायटीत याहून जास्त लोक राहतात.

हे सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता; रस्ता मात्र चालूच राहिला. २००४ च्या जारवा धोरणात त्यांच्या जगण्यात ढवळाढवळ करायची नाही असं ठरलं. २०१३ च्या सुरुवातीला न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे मनाई केली, तेवढीच काय ती शांतता. आता याच रस्त्यावरच्या हम्फ्री स्ट्रेट या खाडीवर पूल झाला आहे आणि मिडल स्ट्रेट या दुसऱ्या खाडीवरही पूल बांधायला घेतला आहे. गाड्या पलीकडे नेणाऱ्या बार्जसाठी थांबावं लागायचं म्हणून जो थोडा अटकाव व्हायचा, तोही जाईल. रस्ता बंद करायचा आदेश आणि रस्ता रुंद करायचं काम एकाच सरकारच्या फायलींत सुखाने नांदतात, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये १९ जारवांना मतदार ओळखपत्रं दिली गेली. तुम्ही त्यांना मतदार मानलंत, तर या रस्त्याबद्दल त्यांचं मत विचारलंत का? 'अंग' असं स्वतःला म्हणवणाऱ्या या लोकांची भाषा जाणणारी माणसं अंदमान प्रशासनाच्या आदिम जनजाती विकास समितीकडे आहेत. त्यांच्यामार्फत विचारा, उत्तर लिहून घ्या आणि जाहीर करा. उद्या जारवांनीच सांगितलं की पर्यटक येऊ देत, तर मी हे पत्र मागे घेईन. पण आजवर हा निर्णय टूरवाले आणि अधिकारी यांच्यातच होत आला आहे.

बाराटांगच्या गुहा बघायला कुणाची ना नाही. तिथे समुद्रमार्गाने जाता येतं, आणि २०१७ मध्ये त्यासाठी बोट सुरूही केली होती. रस्त्याने स्वस्तात जाता येतंय, वर 'दर्शना'ची आशा आहे, तोवर बोटीत कोण बसेल? बोटी वाढवा, भाडं कमी ठेवा, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तेव्हा बाराटांगच बंद ठेवा. गुहा कुठे जात नाहीत. बाराटांगमधल्या ज्या होडीवाल्यांचं, टपरीवाल्यांचं पोट यावर चालतं, त्यांना गिऱ्हाईक बोटीनेही मिळेल.

आणि ज्यांना जंगल बघायचंच आहे, त्यांच्यासाठी चिडियाटापू आहे, माउंट मणिपूर (पूर्वीचं माउंट हॅरिएट) आहे. तिथे वाट दाखवायला उत्तम माणसंही आहेत. छोटानागपूरहून १९१८ पासून जंगलकामासाठी आणलेले उरांव, मुंडा, खडिया लोक. अंदमानात सगळे त्यांना 'रांची' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या या जंगलात राबले, पण बेटांवर त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही. हा विषय थेट तुमच्या खात्यातला आहे. मायाबंदरजवळ वेबी गावात १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आलेले करेन लोक आहेत. अशा लोकांनी स्वतः ठरवलं, स्वतः दर लावला, घरी जेवायला बसवलं, तर पाहुणा म्हणून जाण्यात मजा आहे. तिथे यजमानाला 'आज नको' म्हणता येतं. ताफ्यातल्या गाडीसमोर उभ्या असलेल्या जारवा मुलाला ते म्हणता येत नाही.

अंदमानचा कारभार गृह मंत्रालयाकडे आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. येत्या ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी पर्यटक वाहनांना जिरकाटांगचा परवाना बंद करण्याची लेखी शिफारस तुमच्या मंत्रालयाने गृह मंत्रालयाला करावी. ती शिफारस आणि तिचं उत्तर दोन्ही संकेतस्थळावर टाकावं. आणि जाहिरातीत किंवा फोनवर जारवा दाखवण्याची लालूच देणाऱ्या टूरवाल्यांचे परवाने रद्द करायला प्रशासनाला सांगावं. पुरावा लागला तर कुठल्याही टूरवाल्याला गिऱ्हाईक बनून फोन लावा आणि बाराटांगबद्दल विचारा.

कळावे,

आपली नम्र,
अंदमानला जाऊन आलेली एक पर्यटक