ओटच्या मुळांबद्दल सरसकट लिहू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर मागं चाऱ्याच्या ओटवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात लिहिलंय की जंगली ओटची (म्हणजे ओटसारखंच दिसणारं तण) मुळं पेरलेल्या ओटपेक्षा पहिल्यापासूनच जोरदार असतात म्हणून तो पिकाला खातो. हे काही पटलं नाही.

दोघं भाऊबंदच. दोघांत 42 गुणसूत्रं, आपसात संकर पण होतो, मुळं दोघांची तंतुमय, आधी दाण्यातून निघणारी थोडी आणि मग खोडाच्या बुडातून फुटणारा झुपका. जंगलीचा दाणा बारीक, म्हणजे सुरुवातीची शिदोरी कमीच. कॅनडात सस्कॅचेवानला 1930 च्या दशकात पावलिचेंको आणि हॅरिंग्टन या शास्त्रज्ञांनी पिकांची अन् तणांची अख्खी मुळं उकरून, धुऊन मोजली (काळ्या चिकट मातीत हे करून बघा म्हणजे कळेल काय काम आहे), तर मोकळ्या वाढलेल्या एकट्या झाडाची मुळं किलोमीटरात भरायची आणि दाट पेरणीत तीच एकदम कमी. त्यांना असंही दिसलं की उगवताना जंगली ओटला जवापेक्षा मुळं कमी असतात म्हणून जव त्याला दाबतो, पण सुरुवातीला मोकळीक मिळाली की मग तो ऐकत नाही. पुढं इंग्लंडात पानांची स्पर्धा अन् मुळांची स्पर्धा वेगवेगळी करून बघितली तर मुळांचीच जास्त भारी निघाली.

म्हणजे मुद्दा वेळेचा आहे. आपल्याकडं रब्बीत आधीच पाण्याची बोंब, त्यात युरिया फोकून दिला की पहिलं खत तणालाच मिळतं, म्हणून खत बियाण्याजवळ पेरूनच द्यावं आणि पहिली खुरपणी लांबवू नये. चाऱ्यासाठी फुलोऱ्यात कापलं तर जंगलीचं बी पडतच नाही, खरा धोका बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात, कारण त्याचा दाणा पीक काढायच्या आधीच झडतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. बाहेरून बियाणं आणलं तर काळपट, केसाळ, वाकड्या कुसळाचे दाणे आहेत का तेवढं बघून घ्या.

पुढच्या वेळी नुसत्या हिरव्यागार कणसांचा फोटो नको, दोन्हींची धुतलेली मुळं शेजारी ठेवून छापा, परभणीच्या कृषी विद्यापीठाला विचारलं तर ते काढून देतील असं वाटतं.

आपला वाचक,
एक शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली